माझा खुबा आणि आंबटाची बंदी

आठ महिने आमच्या घरात आंबट शिजलं नाही. चिंच नाही, अंबाडी नाही, कढी नाही. कैरीच्या लोणच्याची भरलेली बरणी यांनी उचलून शेजारच्या घरी नेऊन दिली, तीही मला न विचारता. कारण काय, तर माझा उजवा खुबा. खुब्यात लोखंड आणि शिक्षा जिभेला, असा तो कारभार होता. मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या मूल गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हे आठ महिने शांततेत गेले असं कोणी समजू नये.

हे म्हणजे माझा नवरा. कल्हईवाले. यांचे वडील कल्हईवाले, त्यांचेही वडील तेच. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून लिहिणं-वाचणं माझ्याकडे. घरात आमची हिंदी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही; इथं मी सगळं मराठीतच लिहिते. लग्न होऊन आले त्या पहिल्याच हिवाळ्यात यांनी मला भात्यापाशी बसवलं. भाता म्हणजे आमचा हातानं फिरवायचा लोखंडी पंखा. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसा, खड्ड्याच्या तोंडाशी पंख्याची नळी. मी उकिडवी बसून मूठ फिरवायची, हे समोर उकिडवे बसून भांडं तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायचे, कथलाची काडी फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्यानं ते पांढरं पाणी भांडंभर पसरवायचे. धूर माझ्याकडे आला की मी यांना बोलायची, यांच्याकडे गेला की हे मला बोलायचे. नव्वदच्या दशकात स्टीलनं घरोघरी पितळ माळ्यावर चढवलं, तरी मूल, चामोर्शी आणि पलीकडच्या जंगलातल्या गावांत आमची गिऱ्हाइकं टिकून होती. लग्नसराईच्या आधी तर बसायला फुरसत नसायची.

यांच्या वडिलांची एक रीत होती, ती यांनी कधी मोडली नाही. भांड्याला कल्हई झाली की ज्या घरचं भांडं त्याच घरचं पळीभर आंबट ताक मागायचं, भांड्यात ओतायचं, भांडं सावलीत ठेवून द्यायचं. जेवणवेळ झाली की घरच्या बाईसमोर ते ताक स्वतः पिऊन दाखवायचं आणि मगच भांडं तिच्या हातात द्यायचं. कल्हई कुठे सुटली असेल तर ताक कळकतं, हिरवट होतं, जिभेला लगेच कळतं. मग फुकटात पुन्हा कल्हई. एवढं ताक पिऊन पिऊन यांच्या पोटात लोणी कसं नाही साचलं, असं मी कितीदा विचारलं आहे.

दोन हजार साल उलटलं आणि माझा खुबा दुखायला लागला. आधी जांघेत, मग मांडीत. बसलं की उठवेना, उठलं की चालवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की खुब्यातल्या गोळ्याचं रक्त बंद झालंय, गोळा सुकलाय, बदलावा लागेल. माझं वय तेव्हा चाळिशीच्या आतलं. डॉक्टर म्हणाले, प्लास्टिकची वाटी तरुण माणसाला लवकर झिजते, तुम्हाला गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची बसवू, पुष्कळ वर्षं टिकेल. हे एकदम खूश झाले. धातूचं म्हटल्यावर यांना आपल्या घरातलंच काही बोलल्यासारखं वाटलं. वाटी कशी ओतली, आतून घासकाम कसं, असं यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं. डॉक्टरांनी नमुना हातावर ठेवला तर यांनी त्यावर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. मला लाजेनं कुठे तोंड लपवू असं झालं.

ऑपरेशन चांगलं झालं. तीन महिन्यांत मी काठी टाकली. डॉक्टरांनी सुट्टी देताना चार गोष्टी सांगितल्या होत्या: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खुर्चीवर बसायचं, नमाज खुर्चीवरून पढायची. नमाज मी खुर्चीवर पढू लागले. बाकीचं थोडे दिवस पाळलं. मग हिवाळा आला, चामोर्शीचा आठवडी बाजार आला, आणि यांनी खड्डा खणला. आता पंखा जमिनीवर, मूठ जमिनीजवळ, खुर्चीवरून हात पोचणार कसा? पाटावर बसून पाहिलं, तर कंबर त्याहून जास्त वाकते. दुखत काहीच नव्हतं. मी हळूच उकिडवी बसले आणि मूठ फिरवली. काय सांगू, इतकं बरं वाटलं. आपली जागा परत मिळाली असं वाटलं. यांनीही एक शब्द काढला नाही. काढणार कसा, विस्तवाच्या त्या बाजूला मी बसलेली असते हे यांना इतकं सवयीचं झालेलं की माझ्याकडे कोणी पाहतच नव्हतं.

अशी चार वर्षं मजेत गेली. आम्ही एसटीनं फिरलो, सायकलीवर सामान लादून फिरलो, धुरात बसून भांडलो. मग एक दिवस मी उठताना खुब्यातून आवाज आला. कुई. बारीक, पण स्वच्छ. यांनी कान टवकारले.

"काय वाजलं?"

"काई नाई, पंखा."

"पंखा मी ओळखतो. तू वाजून राह्यली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजलं आणि जांघेत हलका ठणकाही सुरू झाला. नागपूरला जाणं आलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला, पाय वळवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, धातूवर धातू घासला की फार बारीक कण सुटतात. कोबाल्ट आणि क्रोमियमचे. ते रक्तात जातात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. थोडे सगळ्यांच्यातच निघतात, त्यानं काही होत नाही. पण प्रमाण वाढत गेलं तर सांध्याभोवतीचं मांस खराब होतं. तेव्हा रक्त तपासू."

रक्त घेणाऱ्या माणसाकडे एक वेगळी नळी होती, धातू मोजायची. त्यानं आधी एक सिरिंज भरून रक्त काढलं आणि ते सरळ टाकून दिलं. मग दुसऱ्यांदा काढलेलं त्या नळीत घातलं. यांना राहवलं नाही.

"भाऊ, रक्त काऊन फेकून राह्यले? माणसाचं हाये ते."

तो माणूस शांतपणे म्हणाला, "काका, सुई धातूची असते न. पहिल्या रक्ताले सुईचाच धातू लागते. तेच मोजलं तर मशीन सुईचं सांगन, बाईचं नाई."

हे खुलले. नव्या कल्हईच्या भांड्यात उकळलेलं पहिलं पाणी फेकून द्या, असं आम्ही दर गिऱ्हाइकाला सांगतो, त्याचीच ही बहीण. "समजदार मानूस हाये," असं हे मला जिना उतरेपर्यंत तीनदा म्हणाले. माझा खुबा आणि कल्हईचं भांडं एकच, हे त्याच दिवशी यांच्या डोक्यात पक्कं बसलं असणार.

नळी मुंबईला गेली आणि दोन आठवड्यांनी निकाल आला. प्रमाण जास्त होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की घाबरू नका, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. वाढलेलं निघालं तर सांधा उघडून बदलावा लागेल, आणि दुसऱ्यांदा उघडलेला सांधा पहिल्यासारखा चालेलच असं सांगता येत नाही. मला मरणाची भीती नव्हती वाटली, खोटं कशाला बोलू. मला भीती वाटली घरी बसायची. हे बाजाराला जाणार, मी खिडकीतून बघणार, आणि भात्यावर दुसरंच कोणीतरी. नुसत्या विचारानं मला रडू आलं, आणि मी रडले की हे बावचळतात.

त्या संध्याकाळी हे म्हणाले, "आंबट."

"काय आंबट?"

"धातू सुटते म्हंजे आंबट लागलं. दुसरं काय? पितळीत कढी ठेवली का कळकते. तुया पोटात रोज चिंच जाते, अंबाडी जाते, ताक जाते. धातू सुटन नाई तर काय होईन?"

मी म्हटलं, "डॉक्टरनं आंबटाचं नावबी काढलं नाई."

"डॉक्टरनं कधी कल्हई केली हाये का?"

उभा जन्म या माणसानं धातू आणि आंबट यांच्यामध्ये उभं राहून काढला होता. सकाळी लोणच्याची बरणी गेली. चिंचेचा गोळा गेला. टमाटरसुद्धा बंद. वरणात लिंबाचा थेंब नाही. मला सांगा, आमच्या झाडीपट्टीच्या भातमुलखात तांदूळ खाऊन राहायचं आणि आंबट नाही, म्हणजे गवत खाल्ल्यासारखं. मी चिडायची, ताट सरकवायची, टोमणे मारायची. हे ऐकून घ्यायचे. आणि एक गोष्ट सांगायला हवी, यांनी स्वतःही घरात आंबटाला हात लावला नाही. गिऱ्हाइकाकडचं पळीभर ताक आणि एकदा आंबील, तेवढंच पोटात गेलं. माझ्यासमोर कधी लोणच्याची फोड चाखली नाही. म्हणून माझा राग फार वेळ टिकायचा नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही चामोर्शीच्या पुढच्या एका जंगलातल्या गावात गेलो होतो. तिथं एक म्हातारी बाई आमची जुनी गिऱ्हाईक. यांच्या वडिलांकडूनही तिनं कल्हई करून घेतलेली. तिचा मोठा गंज, म्हणजे पितळी पातेलं, आणि पाण्याचा गुंड घेऊन आम्ही चिंचेच्या झाडाखाली बसलो. मुद्दाम चिंचेच्याच झाडाखाली, माझं नशीब. वर पिकलेल्या चिंचा लटकत होत्या आणि मी खाली मान घालून पंखा फिरवत होते. दुपारी बाईनं आमच्यासाठी आंबील आणली, दोन वाट्या, थंडगार आणि आंबट. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी हात पुढं केला तर यांनी दोन्ही वाट्या आपल्याकडे ओढल्या.

बाई म्हणाली, "भाऊ, बाईले काऊन नाई?"

"तिच्या खुब्यात धातू बसवला हाये. आंबट गेलं का सुटते."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "मी बकरं कापते," ती म्हणाली. "पोट इथी ऱ्हायते. खुबा तिथी ऱ्हायते. मधात नळी नाई."

मी इतकी हसले की पंखा थांबला. हे मात्र गंभीर. यांनी दोन्ही वाट्या पिऊन टाकल्या, वर आणि म्हणतात, चांगली झाली होती. मी परत मूठ फिरवायला लागले, उकिडवी बसून. सगळा दिवस तशीच. त्या दिवशी आम्ही तिघं शहाणी माणसं खुब्याबद्दलच बोलत होतो आणि मी कशी बसले आहे ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं. पण दुखणं फार नव्हतं, आणि ती जागा सोडायची मला नव्हती.

लग्नसराईमुळे सहा महिन्यांचे आठ झाले. पुन्हा नागपूर, पुन्हा तीच नळी, पहिलं रक्त टाकणं. या वेळी निकालासाठी आम्ही दोघं समोर जाऊन बसलो. यांचा चेहरा परीक्षेत पेपर चांगला लिहून आल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "वाढलंय."

यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "आठ महिने आंबट बंद केलं, साहेब," हे म्हणाले. "एक थेंब नाई. घरात चिंच नाई."

डॉक्टरांना आधी काही कळेना. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांना अजून दुवा देते. म्हणाले, "काका, आंबट पोटात जातं, तिथंच पचतं. सांध्याला ते कधी भेटतच नाही. इथं धातू सुटतोय तो घासण्यानं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही दिवसभर बसता कशा?"

मी लुगड्याचा पदर पिळत राहिले. खोटं बोलावं असंही मनात येऊन गेलं. यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं की यांना आत्ता, त्या क्षणी कळलं.

"उकिडवी," मी म्हटलं. "बाजाराच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. भात्यापाशी. ऑपरेशन झालं त्याच हिवाळ्यापासून."

डॉक्टरांनी भिंतीवरचा फोटो दाखवला. वाटी जराशी कलती बसली होती. उकिडवं बसलं की गोळा वाटीच्या मधोमध न राहता कडेवर चढतो, आणि सगळा भार तेवढ्या कडेवर घासत राहतो, असं त्यांनी बोटानं दाखवलं. हे फोटोच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ पाहिलं. मग हळू म्हणाले, "गंजाची कल्हईबी आधी काठावरच जाते. पळी तिथीच घासते." डॉक्टर म्हणाले, बरोबर, तसंच. हे परत येऊन खुर्चीवर बसले आणि मान खाली घातली. इतक्या वर्षांत काठावर गेलेली कल्हई यांनी लांबून ओळखली होती.

डॉक्टरांनी सांध्याभोवतीचं मांसही तपासून घेतलं. ते अजून ठीक होतं. म्हणून त्यांनी आणखी सहा महिने दिले. उकिडवं अजिबात नाही, एक दिवसही नाही. रक्तातलं प्रमाण उतरलं तर ठीक, नाहीतर उघडायचं.

परतीच्या एसटीत हे नागभीडपर्यंत बोलले नाहीत. मला वाटलं रागावले आहेत, आणि यांचा हक्कही होता. मी म्हटलं, "बोला न काई. शिव्या द्या."

"तू सांगतलं काऊन नाई?"

"तुमच्यासमोरच तं बसत होती."

सिंदेवाही गेल्यावर म्हणाले, "तेच तं." आणि खिडकीकडे तोंड केलं. त्या रात्री मी कढी केली, बंदी उठलेली होती. यांनी भांड्यातून आधी एक पळी स्वतः घेतली, गिऱ्हाइकाकडे घेतात तशी, आणि मग मला वाढली. पण मी वाटी अर्धीच प्याले. सहा महिने डोळ्यांसमोर होते.

मला वाटलं होतं, आता मला घरी बसवणार. मी भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती. तर आठ दिवसांनी हे डांबराचा एक रिकामा ड्रम घेऊन आले, तो मधोमध कापून आणला होता. त्याला खालून लोखंडी पट्ट्यांचे चार पाय जोडले, आत माती लिंपली, पंखा बाजूच्या स्टुलावर बसवला. भट्टी माझ्या खुर्चीला बरोबर कंबरेइतकी आली. मी खुर्चीवर सरळ बसून मूठ फिरवू शकत होते. पण भट्टी वर आली म्हणजे यांनाही खाली बसता येईना, आणि खुर्चीवर बसून विस्तवावर भांडं फिरवता येत नाही. ज्या माणसानं कळायला लागल्यापासून उकिडवं बसून कल्हई केली, तो आता दिवसभर उभा. कोपर कुठे टेकवायचं ते यांना कळेना. भांडं हातातून निसटायचं, कथील एका बाजूला साचायचं, पहिल्या महिन्यात दोन गंज फुकटात पुन्हा करून द्यावे लागले. चामोर्शीच्या बाजारात लोक थांबून विचारायचे, "भाऊ, भट्टीले पाय काऊन फुटले?" हे म्हणायचे, "बायकोचे पाय वाचवाले." संध्याकाळी यांच्या पोटऱ्या सुजायच्या. मी गरम पाण्यात मीठ टाकून द्यायची आणि मनातल्या मनात रोज माफी मागायची. तोंडानं मात्र म्हणायची, पाय धुवा नीट, काळे झाले आहेत.

सहा महिन्यांनी निकाल आला. उतरलं होतं. थोडं नाही, चांगलं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, उघडायची गरज नाही, आता वर्षातून एकदा रक्त दाखवून जा. माझा जीव भांड्यात पडला. कुई आवाज तोवर बंदच झाला होता, घाबरून आम्हीच ते बोललो नव्हतो. त्या दिवशी मी अंबाडीची भाजी केली, वर लोणचं घेतलं, आणि इतकं खाल्लं की हे म्हणाले, शेजाऱ्याची बरणीबी घेऊन येऊ का.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी यांच्याकडे पाहत होते. उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, कपाळावरचा घाम कोपरानं पुसत. एका गिऱ्हाइकानं कुठून तरी विजेवर चालणाऱ्या छोट्या पंख्याची गोष्ट सांगितली होती, बॅटरीवरही चालतो म्हणे. मी म्हटलं, "तो पंखा आणा. खड्डा करा जमिनीत. तुमी बसून काम करा, आपल्या सवयीनं. मी बाजूला खुर्चीवर बसन, भांडे पुसन. माझ्यासाठी किती उभे ऱ्हान?"

यांनी तापलेला गंज पाण्यात बुडवला. भट्टीचा धूर सरळ माझ्या तोंडावर आला.

"तू वर बसशीन अन् मी खाली," हे म्हणाले, "मंग धूर कोनाकडे गेला म्हनून भांडाचं कोनासंग?"

मी मूठ जोरात फिरवली.